खांद्याचं माप

आमच्या घरात भिंती सोडल्या तर सगळं वाढत्या मापाचं असतं. हे वाक्य बाबांचं आहे. पण ते सकाळीच बस चालवायला गेलेत आणि मी घरात आहे, म्हणून मी ते वापरते.

आई कपडे शिवते आणि दुरुस्त करते. लाँड्रीच्या शेजारी आमचं दुकान आहे, म्हणजे एक खोली, दोन मशिनं, कपडे बदलायला एक पडदा आणि भिंतीवर रिळांची फळी. आई काहीही कापायला घेतलं की आत कापड सोडतेच. खाली चार बोटं, बाहीत दोन, कमरेला दोन्ही बाजूंनी एकेक. मूल वाढलं की शिवण उसवायची, पुन्हा मशीन मारायची, की कपडाही मुलाबरोबर मोठा. गिऱ्हाइकं यावर बेहद्द खूश असतात. आम्ही दोघं भावंडं म्हणजे या पद्धतीच्या चालत्याबोलत्या जाहिराती. माझा शाळेचा कोट मी सहावीत पहिल्यांदा घातला तेव्हा त्यात माझ्याबरोबर माझी मैत्रीणसुद्धा मावली असती. आता नववीत तो मला अगदी बरोबर बसतो. फक्त आता तो कुठल्या रंगाचा होता हे कुणालाच आठवत नाही.

माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा आहे. त्याला सगळे बटण म्हणतात. जन्मला तेव्हा फारच लहानखुरा होता, बाबांनी ते नाव ठेवलं आणि ते पक्कं टाचलं गेलं. बटण अजूनही लहानखुराच आहे. आई त्याच्यासाठी दर वर्षी वाढत्या मापाचं शिवते आणि तो दर वर्षी कपड्यांना तोंडघशी पाडतो. त्याच्या बाह्या इतक्यांदा दुमडलेल्या असतात की मनगटावर जाडजूड कापडी कडं घातल्यासारखं दिसतं. पँट कमरेला दोरीने आवळलेली. तो यावर कधी काही बोलत नाही. मुळात तो फार बोलतच नाही.

म्हणून एका बुधवारी तो शाळेतून आला, दारातच बूट काढला, मोजा काढला आणि मोज्यातून घामेजलेली चिठ्ठी काढून आईच्या हातात दिली, तेव्हा आम्ही दोघी बघतच राहिलो. एरवी शाळेच्या चिठ्ठ्या त्याच्याकडून वाटेतच कुठेतरी अदृश्य होतात.

"मोज्यात का ठेवलीस रे?" आईने चिमटीत धरून विचारलं.

"हरवू नये म्हणून."

चिठ्ठी संगीताच्या बाईंची होती. सोमवारपासून गिटारचा नवा गट, फक्त आठ मुलं, प्रत्येकाने स्वतःची गिटार आणायची, मुलाच्या मापाची. पुढचा गट थेट पुढच्या वर्षी. खाली आठ नावं होती आणि आठवं नाव बटणचं होतं.

"तुला गिटार शिकायचीय?" मी म्हटलं. "कधीपासून?"

त्याने जरा विचार केला. "बाईंनी एकदा वाजवताना मला गिटारच्या पेटीला हात लावू दिला. ती आतून थरथरते." एवढं बोलून तो मोजा घालायला लागला. त्याच्या हिशेबाने हे एक भाषणच झालं होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा घोळ माझा आहे.

गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा घाबरायचे. मग शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी जी समोर दिसली तिच्या हातात माईक कोंबला, आणि ती मी होते. पहिली दोन मिनिटं काय बोलले ते देवालाच ठाऊक. तिसऱ्या मिनिटाला लोक हसले. चौथ्या मिनिटाला मला कळलं की ते मला नाही, माझ्या बोलण्याला हसतायत. त्या दिवसापासून माझ्या तोंडाला जे चाक लागलं ते अजून थांबलेलं नाही. आता फाटकी निघालेली वही दुकानात जाऊन मी बदलून आणते, आईच्या नाठाळ गिऱ्हाइकांशी मी बोलते, बाबांच्या डेपोत फोनही मीच करते. घरात नवा नियमच झालाय: कुठे बोलायचं असेल तर हिला पुढे करा. मला तो नियम फार आवडतो. खरं सांगायचं तर मी स्वतःलाच फार आवडायला लागलेय.

तर गिटारचं बोलणं अर्थात माझ्याकडे आलं. मी दोन दिवस शाळेच्या संगणकावर वाचून काढलं. गिटारी चार मापांत येतात, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण. नवशिक्याला नायलॉनच्या तारा बऱ्या, पोलादी तारा बोटांना कापतात. तारा लाकडापासून फार उंच नकोत, नाहीतर दाबता दाबता मूल रडकुंडीला येतं. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि जेवताना सगळ्यांना ऐकवलं. बाबा म्हणाले, "मला बसचे गिअर कळायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता."

आईने तिच्या परीने तयारी केली. शुक्रवारी संध्याकाळी तिने बटणला स्टुलावर उभं केलं, गळ्यातली टेप काढली आणि कोटाची घेतात तशी त्याची मापं घेतली. हात खाली सोडून खांद्यापासून मनगटापर्यंत, छाती, पाठ, उंची. कागदावर लिहिताना तिचा हात सवयीने पुढे सरकत होता.

"आई, उंचीत चार इंच जास्त लिहिलेस," मी म्हटलं.

"वाढेल की."

"आणि हातात?"

"तोही वाढेल. गिटार काय दर वर्षी घ्यायची वस्तू आहे का?"

बटण स्टुलावर हात पसरून उभा होता. त्या चार इंचांचं ऐकून त्याने टाचा किंचित उचलल्या. मी ते पाहिलं आणि मला हसू आलं. तेव्हा मला फक्त हसूच आलं, हे आता आठवतं.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं बसने गेलो. दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं, एका बाजूला चष्म्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा. आत शिरल्यावर आधी लाकडाचा आणि सरसाचा वास आला. भिंतीवर गिटारी ओळीने टांगलेल्या होत्या, एका कोपऱ्यात एक तार तुटलेलं जुनं व्हायोलिन होतं, आणि मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत आरसा. एक कॉलेजचा मुलगा त्या आरशासमोर गिटार घेऊन बसला होता आणि वाजवण्यापेक्षा स्वतःकडे जास्त बघत होता.

दुकानदारकाका काउंटरमागे एका गिटारच्या खुंट्या काढून पुसत होते. चष्मा डोक्यावर आणि दुसरा चष्मा नाकावर.

"बोला," ते म्हणाले.

मी बोलले. नवशिक्या, वय सात, नायलॉनच्या तारा, तारांची उंची कमी, लाकूड बरं असावं, सोमवारच्या आत हवी. काका ऐकत होते, हातातली खुंटी पुसत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "वकीलबाई, श्वास घ्या. शिकणारे साहेब कोणते?"

मी बटणला पुढे ढकललं. आईने पर्समधून मापांचा कागद काढून काउंटरवर ठेवला. काकांनी तो वाचला, खालचा चष्मा वर केला, वरचा खाली घेतला आणि परत वाचला.

"बाई, या कागदाप्रमाणे मुलगा आठ वर्षांचा आहे. या कागदातला मुलगा बाहेर थांबलाय का?"

कॉलेजचा मुलगा फिस्सकन हसला. आई जराशी लाजली. "तसं नाही हो दादा. थोडं वाढतं धरलंय. पुढे दोनचार वर्षं चालायला हवी ना."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी भिंतीवरून एक गिटार काढली. "ही पाऊण. कागदातल्या मुलाला बसेल. बघू या, साहेबांना काय वाटतं."

बटण बिनहातांच्या खुर्चीवर बसला. काकांनी त्याच्या पायाखाली छोटा पाट ठेवला आणि गिटार त्याच्या मांडीवर दिली. आता मला नीट सांगायला हवं तो कसा दिसत होता. गिटारच्या मागे तो जवळजवळ नव्हताच. वर केस होते, खाली बूट होते. उजवा हात पेटीच्या वरच्या कडेवरून पुढे आणायचा म्हणून खांदा कानापर्यंत उचलला गेला होता. डावा हात गिटारच्या मानेच्या शेवटाकडे, खुंट्यांजवळच्या धातूच्या पहिल्या पट्टीकडे निघाला आणि वाटेतच संपला. त्याने अंग तिरकं केलं, हात ताणला, दोन बोटांची टोकं तारेवर टेकवली आणि उजव्या हाताने ती छेडली. गादीवर काहीतरी पडावं तसा धप्प आवाज आला.

"कशी वाटते?" आईने विचारलं.

"बरोबर," बटण म्हणाला. तो माझ्याकडे नाही, आईकडे नाही, आरशात बघत होता.

काकांनी दुसरी गिटार काढली, पहिलीपेक्षा लहान, मधाच्या रंगाची. "ही अर्धी. हीही बघा."

"नको," बटण म्हणाला. "ती लहान मुलांची आहे."

"अरे, घेऊन तर बघ," आई म्हणाली.

"हीच बरोबर आहे. मला हीच हवी."

आईच्या चेहऱ्यावर मला दिसलं की ती राजी व्हायला लागलीय. पाऊण म्हणजे चारपाच वर्षांची निश्चिंती. मुलालाही तीच आवडलीय. अजून काय हवं. आणि मला माहीत होतं की हे चूक होतंय. मी वाचलं होतं. मोठी गिटार घेऊन बसलेलं मूल महिन्याभरात कंटाळतं, हात दुखतो, आवाज नीट येत नाही, आणि मग ती गिटार कपाटावर जाऊन बसते. सोमवारी आठ मुलांत याच्या गिटारचा धप्प आवाज येणार आणि हा पुन्हा कधी मोज्यात चिठ्ठी घालून आणणार नाही. माझा हेतू शंभर टक्के चांगला होता. एवढं लिहून ठेवते.

मी म्हणाले, "आई, ऐक. काका, तुम्हीच सांगा. हा वर्गात सगळ्यात बुटका आहे. प्रार्थनेच्या रांगेत पहिला उभा असतो. बाकावर पाय टेकत नाहीत म्हणून त्याच्या बाकाखाली खोकं ठेवलंय. पाच वर्षांच्या मुलांचे बूट त्याला होतात. त्याला पाऊण कशी बसेल? त्याला खरं तर पावसुद्धा चालेल."

बोलताना मला माझा आवाज फार छान वाटत होता. मुद्दे एकामागून एक, अगदी शिस्तीत. कॉलेजचा मुलगा आता उघडच हसत होता. दारातून नुकत्याच आत आलेल्या एक बाई आणि त्यांची मुलगी, दोघी बटणकडे बघत होत्या.

बटणने गिटार दोन्ही हातांनी कवटाळली. त्याची हनुवटी पेटीच्या मागे गेली.

"हीच हवी," तो आतून म्हणाला. "नाहीतर मला काहीच नको. मी जाणारच नाही सोमवारी."

"अरे, पण तुझ्या भल्यासाठीच मी..."

"तू बोलू नको."

बटणने मला आजवर असं कधी सांगितलं नव्हतं. तो ओरडलाही नाही. हळूच म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले होते. मला एकदम त्याच्या उचललेल्या टाचा आठवल्या. त्याला माहीतच होतं सगळं. रांगेचं, खोक्याचं, बुटांचं. रोज माहीत होतं. मी नवीन असं काहीच सांगितलं नव्हतं, फक्त अनोळखी चार माणसांना सांगितलं होतं.

मी मागे सरकले आणि त्या तुटक्या व्हायोलिनपाशी जाऊन उभी राहिले. तोंडात शब्द होते, पण कुठलाही काढला तरी तो त्यालाच लागणार असं वाटत होतं. माईक हातात आला त्या दिवसानंतर पहिल्यांदा मला काय बोलावं ते कळत नव्हतं.

काका परत खुंटी पुसायला लागले. आई बटणकडे बघत होती. आधी आईसारखी बघत होती. मग तिने मान थोडी कलती केली, आणि मी ओळखलं, आता ती शिंपिणीसारखी बघतेय. गिऱ्हाईक नवा कपडा घालून पडद्यातून बाहेर आलं की ती अशीच बघते. माणूस तिला दिसतच नाही तेव्हा, फक्त कुठे ओढतंय आणि कुठे फुगतंय ते दिसतं.

ती पुढे गेली, बटणच्या मागे उभी राहिली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. खांदा तसाच वर होता. तिने हलकेच दाबला. तो खाली गेला, पण त्याबरोबर हातही तारांवरून निसटला. तिने हात काढला, खांदा परत वर.

"खांदा चढतोय," ती स्वतःशीच म्हणाली. मग काकांना म्हणाली, "दादा, हे तुम्हाला आधीच दिसलं असेल."

"दिसलं होतं," काका म्हणाले. "पण कागद तुमचा होता."

"कागदात मी हात सरळ सोडून मोजला. कोटासाठी. इथे तो वाकवून धरायचाय हे डोक्यातच आलं नाही." आई आता पूर्णपणे दुकानातली आई झाली होती. "बाही दुमडता येते. कंबर आवळता येते. खाली हवं तेवढं सोडता येतं. पण खांद्याला मी कधीच वाढतं ठेवत नाही, दादा. खांदा ज्या दिवशी घालायचा त्या दिवशी बसायला लागतो. तिथे सैल ठेवलं की माणूस दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखा दिसतो."

बटण ऐकत होता. त्याने गिटार सोडली नव्हती.

आई त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बटण, खुर्ची फिरवू या का?"

"कशाला?"

"दुकानात ट्रायल घेते ना मी, तेव्हा माणसाला आरशाकडे पाठ करून उभं करते. माहितेय का? आरसा दिसला की लोक पोट आत ओढतात, छाती काढतात, टाचा उचलतात. मोठमोठे लोकसुद्धा. मग कपडा कळत नाही. आरसा शेवटी."

टाचांचं ऐकून मी बटणकडे बघितलं. पण आईने ते इतक्या सहज, सगळ्या मोठमोठ्या लोकांच्या रांगेत बसवून म्हटलं की बटणने फक्त विचारलं, "पोट कोण आत ओढतं?"

"ते मी सांगत नाही. गिऱ्हाइकाचं गुपित असतं."

काकांनी डोळ्यांनीच कॉलेजच्या मुलाला बाजूला व्हायला सांगितलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. समोर आता नुसता पांढरा रंग आणि एक खिळा होता.

"डोळे मीट," आई म्हणाली. "आता एकेक मांडीवर देणार. कुठली मोठी, कुठली छोटी, सांगायचं नाही. कुठे बोचतं आणि कुठे बोचत नाही, तेवढंच सांगायचं. कपड्यासारखं."

पाऊण गिटार आधीच मांडीवर होती. बटणने डोळे मिटले, जरा वेळ बसला आणि म्हणाला, "काखेत." मग थोड्या वेळाने, अगदी नाइलाजाने, "मनगटालापण."

मग काकांनी ती काढून मधाच्या रंगाची दिली. तिची कंबर त्याच्या मांडीवर टेकली आणि तिथेच थांबली, घसरली नाही. उजवा हात पेटीवरून पुढे आला आणि खांदा होता तिथेच राहिला. आई खांद्याकडेच बघत होती. डावा हात मानेवरून सरकत सरकत गेला, आणि खुंट्यांजवळच्या पहिल्या पट्टीवर पोचूनही कोपर अंगाजवळ होतं.

"आता पातळ तार दाबा, साहेब," काका म्हणाले. "बोट पट्टीच्या अगदी अलीकडे. हां. आणि छेडा."

आवाज आला. एकच सूर, स्वच्छ, आणि तो लगेच संपला नाही. बटणची हनुवटी आता पेटीच्या वर होती. ती त्याने कडेला टेकवली, आणि पुन्हा तीच तार छेडली. आणि पुन्हा.

"कुठे बोचतंय?" आईने विचारलं.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "हनुवटीला गुदगुल्या होतायत."

त्याने डोळे उघडले आणि मांडीवर काय आहे ते पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. मला तिथून दिसत होतं की त्याला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि तरीही ती घेता येत नव्हती. पुढे होऊन काहीतरी बोलावं असं मला इतकं वाटलं की मी व्हायोलिनच्या टेबलाची कड घट्ट धरली.

शेवटी त्यानेच काकांना विचारलं, "हिला अर्धी का म्हणतात?"

"म्हणतात तसं. नाव पडलंय."

"म्हणजे ही पूर्ण गिटारच्या अर्धी?"

"छे," काका म्हणाले. "मला वाटतं, ज्याने हे नाव ठेवलं त्याने मोजायचा त्रास घेतला नसावा. तुझ्या आईकडे टेप असेल. मोज."

आईच्या पर्समध्ये टेप नाही असं कधीच होत नाही. काकांनी भिंतीवरची पूर्ण गिटार काढून काउंटरवर आडवी ठेवली. बटणने खुर्चीवर चढून स्वतः टेप लावली. तो आईकडे बघून शिकलाय, टोक कसं नखाने दाबून धरायचं, टेप कशी ताणायची पण ओढायची नाही. "एकोणचाळीस," तो म्हणाला. मग मधाच्या रंगाची शेजारी ठेवली. त्याने दोनदा मोजली.

"चौतीस."

"मग?" आई म्हणाली.

तो बोटांवर मोजत होता. "पाच इंच कमी." परत मोजलं. "फक्त पाच? अर्धी असायची तर साडेएकोणीस हवी होती."

"गणित पक्कं आहे साहेबांचं," काका म्हणाले.

"मग हे नाव चूक आहे," बटण म्हणाला.

"चूकच आहे. पण आता सगळ्या जगाला सवय झालीय. नावाला काय करणार? वाजतेय ना नीट?"

बटणने टेप गुंडाळून आईला दिली. मग त्याने काउंटरवरून मधाच्या रंगाची गिटार उचलली. "ही," तो म्हणाला. आणि काकांनी विचारण्याआधीच, "आरसा बघायचा नाहीये मला."

आईने विचारलं ही किती दिवस पुरेल. काका म्हणाले, दीडदोन वर्षं, मग आणा, मोठी घेऊन जा, ही मी दुसऱ्या लहानग्याला देईन. आईने ओठ मिटले. दीड वर्षात संपणारी गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदाच येत होती. तिने बटणच्या खांद्याकडे एकदा बघितलं आणि पर्स उघडली.

बसच्या थांब्यापर्यंत बटणने गिटारची पिशवी स्वतःच पाठीला लावून नेली. मी त्याच्या शेजारून चालत होते. आई पुढे.

"मी तिथे तुझी उंची सांगायला नको होती," मी म्हणाले.

त्याने पिशवीचा पट्टा वर ओढला.

"रांगेचंपण."

"आणि खोक्याचं," तो म्हणाला. "आणि बुटांचं. सगळंच सांगितलंस."

"हो."

आम्ही किल्लीवाल्याचं दुकान, पानगळीने भरलेलं गटार आणि एक बंद शटर पार केलं. मग तो म्हणाला, "सोमवारी तू संगीताच्या खोलीपर्यंत येऊ नको."

हे मला लागलं. मी आधीच ठरवून ठेवलं होतं बाईंशी काय बोलायचं ते. "फाटकापर्यंत?"

त्याने विचार केला. "फाटकापर्यंत ये. पण आत कुणाला काही सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"बाईंनापण नाही."

"बाईंनापण नाही."

बसमध्ये गर्दी नव्हती. बटण खिडकीशी बसला, पिशवी मांडीत उभी धरून. समोरच्या बाकावर एक आजी होत्या, हातात भाजीची पिशवी. त्या बराच वेळ गिटारकडे बघत होत्या, मग हसून म्हणाल्या, "किती गोड. खेळण्यातली आहे का रे बाळा?"

माझं तोंड उघडलं. आत सगळं तयार होतं. आजी, ही खरी गिटार आहे, नायलॉनच्या तारांची, आणि अर्धी म्हणतात खरी पण मोजली तर चौतीस इंच भरते, आणि माझा भाऊ सोमवारपासून. मी तोंड मिटलं. आईने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर.

बटण पिशवीकडे बघत होता. एक थांबा गेला. माणसं उतरली, दार बंद झालं. आजींना वाटलं असावं की मुलगा लाजाळू आहे, त्या दुसरीकडे बघायला लागल्या होत्या.

"वाजते ती," बटण म्हणाला. "दाखवू?"

आजी म्हणाल्या, दाखव की. त्याने पिशवीची चेन उघडायला घेतली. ती नवी होती, मध्येच अडकत होती, आणि माझे हात शिवशिवत होते. पण त्याने मदत मागितली नाही. तो दात खाऊन ओढत राहिला, आणि मी हात मांडीखाली दाबून बसून राहिले, आणि आमचा थांबा यायला अजून बराच वेळ होता.